इसेन्शियल ऑइल पहिल्यांदाच वापरताय? पुण्यातल्या नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

ओळखीतलं कुणीतरी वास्तुशांतीला डिफ्यूझर, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब घालून वास हवेत पसरवणारं छोटं यंत्र, भेट देतं. सोबत इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे वनस्पतींपासून काढलेल्या सुगंधी तेलांच्या, सहा छोट्या बाटल्यांचा संच असतो. डब्यावर 'ताण घटवा, झोप सुधारा' असं छापलेलं असतं. किती थेंब घालायचे, किती वेळ चालवायचा, कुणी वापरू नये, यातलं काहीच नसतं. मग मोबाइलवर शोधावं तर एक जण म्हणतो तळपायाला चोळा, दुसरा म्हणतो कोमट पाण्यात टाकून प्या आणि तिसऱ्याला आपल्याला साखळी विक्रीत ओढायचं असतं. या गोंधळातून मी गेले आहे. नंतर सोसायटीतल्या मैत्रिणी, ऑफिसातली मुलं विचारत राहिली, त्यांना तोंडी सांगत आले तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत: बाटल्या मोजक्या, थेंब कमी आणि खिडकी उघडी. एवढं पाळलं तर या तेलांचा खरोखर आनंद मिळतो. पाळलं नाही तर डोकेदुखी आणि पुरळ ठरलेलं.

पायरी १ : बाटलीत काय आहे ते समजून घ्या

पानं, फुलं, साली, मुळं यांच्यातून पाण्याची वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर वनस्पतीतले सहज उडून जाणारे घटक वर येतात. वाफ थंड केली की पाणी खाली राहतं आणि तेल वर तरंगतं. निलगिरी, लॅव्हेंडर, गवती चहा, पुदिना यांची तेलं अशीच निघतात. संत्रं-लिंबाचं तेल बहुतेक वेळा साल दाबून काढतात. मोगऱ्यासारख्या नाजूक फुलांना वाफ सोसत नाही, म्हणून त्यांचा अर्क द्रावक वापरून काढावा लागतो.

हे तेल आपल्या खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखं स्निग्ध नसतं. ते उडून जातं, पेट घेतं आणि फार तीव्र असतं. एक किलो गुलाबाच्या तेलासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात, यावरून एका थेंबात किती काय आटवलेलं असतं याचा अंदाज यावा. यातले बरेच घटक टर्पीन नावाच्या कुळातले. या कुळातल्या संयुगांवरचं महत्त्वाचं काम आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुखदेव यांनी केलं आहे. 'अरोमाथेरपी', म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने रूढ केला. त्याचं त्या नावाचं पुस्तक १९३७ साली आलं. लॅव्हेंडरच्या तेलात हात बुडाला आणि भाजलेलं चमत्काराने बरं झालं, ही त्याची गोष्ट सगळीकडे रंगवून सांगतात. भाजल्यावर तुम्ही मात्र वाहतं थंड पाणीच वापरा.

दुकानात तीन वेगळ्या वस्तू एकाच फळीवर दिसतील. इसेन्शियल ऑइल म्हणजे वर सांगितलं ते. अत्तर म्हणजे उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या पारंपरिक पद्धतीत देग-भपक्याने, म्हणजे तांब्याच्या हंड्यात उकळून वाफेने, काढलेला सुगंध, जो चंदनाच्या तेलात उतरवतात. हल्ली चंदन महाग म्हणून दुसरा आधारही वापरतात. आणि 'फ्रॅग्रन्स ऑइल' किंवा 'अरोमा ऑइल' म्हणजे बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेला वास. खोली सुवासिक करायला त्याला माझी हरकत नाही, पण ते अंगाला लावायचं नाही आणि त्याचे औषधी गुण कुणी सांगू लागलं तर तिथून निघायचं.

पायरी २ : अपेक्षा बेताच्या ठेवा

वासाचा संबंध मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या भागाशी थेट आहे, म्हणून एखाद्या वासाने मन निवतं हे खरंच घडतं. लॅव्हेंडरचा वास घेतल्याने अस्वस्थता थोडी कमी होते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. मुरुमांसाठी ५ टक्के टी ट्री (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाचं तेल) असलेल्या जेलचा परिणाम होतो, मात्र सावकाश. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात ते नेहमीच्या बेन्झॉइल पेरॉक्साइडशी ताडून पाहिलं होतं. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत कपाळाला पातळ केलेलं पेपरमिंट लावण्याचाही अभ्यास झाला आहे.

सर्दीत निलगिरी-पुदिन्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पुदिन्यातलं मेन्थॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, त्यामुळे तसं वाटतं. नाकातली सूज तेवढ्याने उतरत नाही. तरी रात्री झोप लागायला तेवढं वाटणंसुद्धा उपयोगाचं असतं, हे मी मानते.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग हे या तेलांनी बरे होत नाहीत. दम्याचा पंप, नैराश्याची गोळी तेलाच्या भरवशावर कधीच बंद करू नका. आणि पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा केवळ सिट्रोनेलावर (गवती चहाच्या जातीच्या गवताचं तेल) विसंबू नका: ते भराभर उडून जातं, त्यामुळे डासांपासून मिळणारं संरक्षण फार वेळ टिकत नाही. जाळ्या, मच्छरदाणी आणि औषधाच्या दुकानात मिळणारं प्रमाणित मलम हवंच.

पायरी ३ : घरात कोण कोण राहतं ते पाहा

खरेदीच्या आधी ही पायरी. लोक नेमकी हीच वगळतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तान्हं बाळ किंवा लहान मूल असेल तर निलगिरी, पुदिना आणि कापूर त्याच्या नाका-तोंडाजवळ नेऊ नका. या तेलांनी लहान मुलांचा श्वास अडखळू शकतो. आपल्याकडे बाळाच्या गळ्यात किंवा पाळण्याला ओवा-कापराची पुरचुंडी बांधायची रीत आहे. आजी प्रेमाने बांधते, तिला दुखवायचं नसतं, हे समजतं. पण कापराचा छोटा तुकडा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. पुरचुंडीत नुसता ओवा ठेवायचा आणि तीही बाळाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची, एवढं आजीशी बोलून ठरवता येतं.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी त्वचेवर काहीही लावण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. फिट्स येणाऱ्यांनी कापूर, निलगिरी आणि रोझमेरीपासून लांब राहावं. दमा असलेल्यांना कुठलाही तीव्र वास त्रास देऊ शकतो, मग तो कितीही शुद्ध असो. गणपतीत धूप-कापराने ज्यांचा खोकला सुरू होतो, त्यांच्या खोलीत डिफ्यूझर लावू नका.

सांधेदुखीसाठी गंधपुरा तेल घराघरात असतं. ते जवळजवळ पूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनच्याच कुळातलं. रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर हे तेल चोळल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरातल्या ज्येष्ठांची औषधं एकदा तपासा. हे तेल मुलांच्या हाती लागता कामा नये. एक चमचासुद्धा जिवावर बेतू शकतो.

आता खास पुण्याची गोष्ट. गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली आणि त्याने अंगावर पुरळ उठणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. गाजर गवत आणि शेवंती एकाच कुळातले. त्याच कुळात कॅमोमाइल येतं. मोकळ्या प्लॉटशेजारून चालल्यावर ज्यांचे डोळे-मान खाजतात, त्यांनी 'त्वचेला शांत करणारं' म्हणून विकलं जाणारं कॅमोमाइलचं तेल घेऊच नये.

मांजर पाळत असाल तर तिच्या यकृताला यातले बरेच घटक नीट निकामी करता येत नाहीत. टी ट्री तर मांजरांना आणि कुत्र्यांना विषारीच. पिसवांसाठी ते त्यांच्या अंगाला लावण्याचा सल्ला फिरत असतो, तो ऐकू नका. पिंजऱ्यात पक्षी असेल तर त्या खोलीत डिफ्यूझर नको.

पायरी ४ : आधी नाक तयार करा

यासाठी पैसे लागत नाहीत आणि मला ही पायरी सगळ्यात आवडते. महात्मा फुले मंडईत जा. गवती चहाची जुडी घ्या, पुदिना घ्या, संत्री घ्या. किराणा दुकानातून लवंगा आणा. उन्हाळ्यात माठात घालायला वाळ्याची जुडी मिळते, ती आणा. घरी येऊन गवती चहाचं पान चुरगळून वास घ्या. संत्र्याची साल नखाने दाबा. जो बारीक फवारा उडतो तेच संत्र्याचं तेल. वाळा थोडा भिजवा आणि मग हुंगा.

हे वास चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा घेतलेत की दुकानातली बाटली उघडल्यावर फरक कळायला लागतो. खऱ्या गवती चहाच्या तेलात लिंबाच्या मागे गवताचा हिरवा, किंचित मातकट वास असतो. नकली तेलात लिंबाची गोळी चघळल्यासारखा एकसुरी गोडवा असतो. वाळ्याचं खरं तेल घट्ट आणि जड असतं, ते पहिल्या हुंगण्यात आवडेलच असं नाही. नाकाला रासायनिक चाचणी करता येत नाही, पण ढळढळीत फसवणूक ते पकडतं.

गवती चहाची कुंडी बाल्कनीत हमखास जगते. उरुळी कांचनकडच्या रोपवाटिकांमधून रोप आणलं तर तुलनेसाठी अस्सल वास कायमचा घरात राहतो आणि चहाचीही सोय होते.

पायरी ५ : पहिल्या तीनच बाटल्या निवडा

बारा बाटल्यांचा संच घेऊ नका. त्यातल्या आठ न उघडताच जुन्या होतात. मी नवख्यांना या तीन सुचवते:

लॅव्हेंडर: संध्याकाळी, झोपेआधी. वास सौम्य, बहुतेकांना सोसतो.

संत्रं (गोड): दुपारची मरगळ, पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास. स्वस्त असतं आणि मुलांनाही आवडतं.

निलगिरी: सर्दीच्या दिवसांत, फक्त मोठ्यांसाठी. घरात लहान मूल असेल तर याऐवजी गवती चहा घ्या.

टी ट्री चौथं, तेही मुरुमांसाठी किंवा कोंड्यासाठी खरंच हवं असेल तर. दालचिनी आणि लवंग यांची तेलं वासाला छान, पण त्वचेला फार जाळतात; सुरुवातीला नकोत.

पायरी ६ : खरेदी करताना लेबल वाचा

लेबलवर हे असलं पाहिजे:

- वनस्पतीचं शास्त्रीय नाव. नुसतं 'लॅव्हेंडर' पुरेसं नाही. 'लॅव्हॅन्डुला अँगुस्टिफोलिया' असं हवं. लॅव्हँडिन नावाच्या संकराचं तेल स्वस्त असतं, त्यात कापराचा अंश जास्त असतो आणि तेच लॅव्हेंडर म्हणून खपवलं जातं.
- वनस्पतीचा कोणता भाग आणि कोणत्या देशातली.
- बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, छापील किंमत.
- शुद्ध आहे की आधीच दुसऱ्या तेलात मिसळलेलं आहे.

चांगले विक्रेते त्या बॅचचा 'जीसी-एमएस' अहवाल देतात. तेलात कोणते घटक किती टक्के आहेत, हे त्यात असतं. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे दोन घटक सर्वात वर दिसले पाहिजेत, टी ट्रीमध्ये टर्पिनेन-४-ऑल, गवती चहात सिट्रल. अहवालावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का तेवढं नक्की बघा. भलत्याच बॅचचा अहवाल दाखवणं सर्रास चालतं.

आता फसवणुकीच्या जागा. सगळ्या बाटल्यांची किंमत सारखी असेल तर सरळ पुढे जा. संत्र्याची साल ढिगाने मिळते आणि चंदनाचं झाड तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात. दोघांचं तेल एका भावात मिळूच शकत नाही. 'थेरप्युटिक ग्रेड' या शब्दांना भुलू नका, अशी कोणतीही सरकारी प्रतवारी नाही, ती विकणाऱ्याने स्वतःच दिलेली पदवी आहे. बाटली प्लॅस्टिकची किंवा पारदर्शक काचेची असेल तर घेऊ नका. आणि 'आमचं तेल इतकं शुद्ध आहे की पिता येतं' असं जो म्हणेल, त्याच्याकडून काहीही घेऊ नका. पोटातल्या विकारांसाठी पेपरमिंटच्या खास आवरणाच्या कॅप्सूल डॉक्टर देतात. बाटलीतले थेंब पिणं म्हणजे ते औषध नव्हे.

घरी एक साधी परीक्षा करता येते. पांढऱ्या कागदावर थेंब टाका आणि दिवसभर ठेवा. लॅव्हेंडर किंवा निलगिरीचा तेलकट डाग राहिला तर त्यात दुसरं स्निग्ध तेल मिसळलेलं आहे. चंदन, वाळा यांसारख्या घट्ट तेलांना ही परीक्षा लावू नका, त्यांचा डाग राहतोच. आणि कृत्रिम वास यात पकडला जात नाही.

पायरी ७ : सामान गोळा करा

- १० मिलीच्या तपकिरी काचेच्या बाटल्या, चार-पाच. रविवार पेठेत बोहरी आळीच्या परिसरात बाटल्यांची घाऊक दुकानं आहेत. थोड्या संख्येने देतात का ते आधी विचारा.
- थेंब पाडणारं झाकण असलेली बाटली किंवा काचेचा ड्रॉपर.
- छोटं नरसाळं, मोजमापाचा छोटा पेला.
- बेस तेल, म्हणजे अंगाला लावण्याआधी इसेन्शियल ऑइल ज्यात मिसळून पातळ करायचं ते: बदाम, तीळ किंवा खोबरेल. लाकडी घाण्याचं चालतं. खोबरेल पुण्याच्या डिसेंबरात गोठतं, रोल-ऑनमध्ये भरलं तर गोळा अडकून बसतो. त्या दिवसांत तीळ किंवा बदाम बरं. मोहरीचं तेल नको, ते मुळातच त्वचेला चुरचुरतं.
- चिकटपट्टी आणि न पुसणारं पेन. प्रत्येक बाटलीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहायचीच.
- हवा असेल तर डिफ्यूझर. नसेल तर पुढची पायरी वाचा, तो नसतानाही छान चालतं.

पायरी ८ : हवेत वापरायला सुरुवात करा

सर्वात सोपं म्हणजे रुमालावर एक थेंब. कागदी रुमालावर लॅव्हेंडरचा थेंब टाकून उशीपासून हातभर अंतरावर ठेवा. हिंजवडीच्या बसमध्ये किंवा कॅबमध्ये बसणाऱ्यांसाठी इनहेलर कांडी मिळते, आत कापसाची वात असते, तिच्यावर थेंब घालायचे आणि हवं तेव्हा स्वतःपुरता वास घ्यायचा. बंद एसी कॅबमध्ये किंवा ऑफिसात उघडा डिफ्यूझर लावू नका; शेजारच्याला अर्धशिशी आहे की दमा, हे आपल्याला माहीत नसतं.

डिफ्यूझर असेल तर हे प्रमाण धरा: १०० मिली पाण्याला ३ थेंब. अर्धा तास चालवा, मग बंद करा. खिडकी थोडी उघडी हवी. रात्रभर चालू ठेवायचा नाही. दहा मिनिटांत आपल्याला वास येईनासा होतो, कारण नाक त्याला सरावतं; तेल संपलं असं समजून लोक आणखी थेंब घालतात आणि तासाभराने डोकं धरतं. वास येत नाही म्हणून थेंब वाढवायचे नाहीत.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते डिफ्यूझरमध्ये घालू नका. त्यातल्या क्षारांची पांढरी भुकटी फर्निचरवर बसते आणि आतली कंप पावणारी चकती लवकर खराब होते. आरओचं पाणी उत्तम. आठवड्यातून एकदा पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून आतून पुसून घ्या.

कापूरदाणी आता बहुतेक घरांत असते. विजेच्या कापूरदाणीत तेल घालायचं असेल तर ती तेलासाठीही बनवलेली आहे का ते आधी पाहा आणि वाटीत पाणी घेऊन दोनच थेंब घाला. निरांजनात, पणतीत, पेटत्या धुपावर हे तेल कधीही टाकू नका. निलगिरी आणि संत्र्याच्या तेलांच्या वाफा साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेऊ शकतात.

वाफारा घेताना भांड्यात एक थेंब, फार तर दोन. डोळे मिटलेले हवेत, नाहीतर ते जबरदस्त चुरचुरतात. उकळतं पातेलं मांडीवर घेऊन बसू नका, टेबलावर ठेवा. लहान मुलांना वाफारा देऊच नका. गरम पाणी सांडून भाजण्याचा धोका फायद्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

पायरी ९ : अंगाला लावायचं असेल तर मोजून

नुसतं तेल थेट त्वचेवर लावू नका. आज काही झालं नाही तरी पुन्हा पुन्हा लावल्याने शरीर त्या तेलाला कायमचं वावडं धरू शकतं आणि मग तोच घटक असलेला साबण, शांपू, अत्तर काहीही चालत नाही.

साधारण २० थेंब म्हणजे १ मिली धरतात. ड्रॉपरप्रमाणे थोडा फरक पडतो. त्यावरून:

- चेहऱ्यासाठी अर्धा टक्का: १० मिली बेस तेलात १ थेंब.
- रोजच्या मालिशसाठी १ टक्का: १० मिलीत २ थेंब, ३० मिलीत ६ थेंब.
- दुखऱ्या खांद्यासारख्या छोट्या जागेसाठी, थोडेच दिवस, २ टक्के: १० मिलीत ४ थेंब.

दोन-तीन तेलं एकत्र करणार असाल तर एकूण थेंब तेवढेच राहिले पाहिजेत. गवती चहा त्वचेला झोंबतो, त्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर नेऊ नका.

मिश्रण झालं की कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ तास थांबा, शक्य असेल तर ४८. लाली, खाज, फोड आले तर ते तेल तुमच्यासाठी नाही.

लिंबू आणि बर्गामोट (एक लिंबूवर्गीय फळ) यांची दाबून काढलेली तेलं लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी काळवंडते. या तेलांतले काही घटक ऊन लागल्यावर त्वचेला इजा करतात. लावल्यावर किमान १२ तास त्या भागावर ऊन नको, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये दुचाकीवर फिरणाऱ्यांनी ती लावूच नयेत. गोड संत्र्याच्या तेलाला हा दोष नाही.

आंघोळीच्या बादलीत थेंब टाकायचा मोह होतो. ही तेलं पाण्यात मिसळत नाहीत. पाण्यावर तरंगतात आणि तांब्यातून नेमकी डोळ्यांवर किंवा नाजूक त्वचेवर येतात. त्यापेक्षा बाथरूमच्या कोपऱ्यात, पाय पडणार नाही अशा जागी एक थेंब टाका, गरम पाण्याच्या वाफेने वास पसरतो.

पायरी १० : उष्णतेपासून जपा

हवा, उजेड आणि उष्णता लागली की तेल खराब होतं, आणि खराब झालेलं तेल त्वचेला जास्त त्रास देतं. झाकण घट्ट, बाटली उभी, जागा अंधारी. गॅसच्या ओट्याजवळ किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. उन्हाळ्यात संत्रं, लिंबू आणि टी ट्री फ्रिजच्या दारात ठेवा, बाटल्या हवाबंद डब्यात घालून, म्हणजे दुधाला वास लागणार नाही. संत्रा-लिंबाची तेलं उघडल्यापासून वर्षभरात संपवा. चंदन आणि वाळा मात्र वर्षानुवर्षं टिकतात.

मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवणं उत्तम. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांशेजारी तर मुळीच नको. आकार सारखा असतो आणि रात्री झोपेत घोटाळा होतो.

पायरी ११ : काही बिघडलं तर

त्वचा जळजळली तर आधी साध्या खोबरेलाने पुसून घ्या, मग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका. तेल उलटून फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. मुलाच्या पोटात निलगिरी, कापूर, गंधपुरा, लवंग किंवा टी ट्री गेलं असेल तर लक्षणांची वाट बघू नका. गुंगी, झटके अर्ध्या तासातही सुरू होऊ शकतात. बाटली सोबत घ्या, १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात थेट जा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र २४ तास सल्ला देतं, टोल-फ्री क्रमांक १८०० ११६ ११७. तो फ्रिजवर लिहून लावा.

पायरी १२ : जुन्या तेलाचं काय करायचं

वास आंबूस किंवा टर्पेंटाइनसारखा झाला, तेल घट्ट किंवा चिकट झालं, की ते अंगाला लावायचं नाही आणि डिफ्यूझरमध्येही नाही. बेसिनमध्ये ओतू नका. उरलेलं तेल बाटलीतच ठेवून झाकण लावा, कागदात गुंडाळा, वर 'ज्वलनशील तेल' असं लिहा आणि कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंच्या हातात सांगून वेगळं द्या. ओल्या-सुक्यात मिसळलं तर ते त्यांच्याच बोटांना लागतं. संत्र्याचं जुनं तेल मात्र मी फेकत नाही. बरणीवरच्या लेबलचा चिकटा त्याने एका पुसण्यात निघतो. हातमोजे घाला आणि नंतर बरणी साबणाने धुवा.